माहितीपटाची जाहिरात



या व्याख्यानमालेत मला बोलावण्याचे ठरले तेव्हा किमान वेतन, कामगार कायदे किंवा हमालांचे प्रश्न यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी संयोजकांची अपेक्षा होती. मी त्यांना वर्तमानपत्रातील एका जाहिरातीवर बोलतो असे कळविले. कामगार संघटनेच्या माणसाने जाहिरातीवर बोलावे याचे त्यांना थोडे नवल वाटले. पण संघटनेच्या माणसाचा अर्धा जन्म हस्तपत्रके लिहिण्यात जातो. शिवाय सातवीनंतर माझी शाळा सुटली ती मी एका ट्रेडलच्या छापखान्यात, वापरलेले खिळे पुन्हा खणांत टाकण्याच्या कामाला लागलो. उलटे अक्षर मी सुलट्याच्या आधी ओळखू लागलो, असे म्हटले तरी चालेल. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

गोष्ट अशी घडली. आपल्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी एका मोंढ्यातील हमालांच्या आणि तेथे झाडझूड करणाऱ्या बायांच्या कामावर अठ्ठावीस मिनिटांचा माहितीपट तयार केला. मुले कष्टाळू. ऐन हळदीच्या हंगामात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, त्यांनी महिनाभर तेथे काढला. पट दाखवायचा म्हणून जिल्ह्याच्या पानावर एक लहानशी जाहिरात द्यावी असे त्यांनी ठरविले, आपसांत वर्गणी काढली आणि जाहिरातीचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, एवढं नजरेखालून घाला." पटाचे नाव, मोंढ्याचे नाव मी येथे घेत नाही. का घेत नाही, ते पुढे कळेल.

मसुदा असा होता. वर काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत 'ओझ्याखाली दबलेल्या जिवांची करुण कहाणी'. त्याखाली पोते पाठीवर घेऊन वाकलेल्या एका हमालाचा फोटो. फोटोच्या बाजूला उद्‌घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती अशी नऊ नावे. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ठिकाण व वेळ.

आपण हसलात. पण त्या मुलांना हसण्यात अर्थ नाही, कारण माहितीपटाची जाहिरात कशी असते हे त्यांनी पाहिलेले नव्हते, आणि आपणही पाहिलेले नाही. याला कारण आहे. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढले. त्या काळी थिएटरच्या मालकाला परवान्याच्या अटीनेच मुख्य चित्रपटाच्या आधी सरकारी वार्तापट किंवा माहितीपट दाखवावा लागे. आपल्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पिकले आहेत त्यांनी ते पाहिले असतील. म्हणजे ते चालू असताना बाहेर विडी ओढली असेल. धरण, कालवा, कुटुंबनियोजन, पूर. माहितीपट असा न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासारखा आपल्याकडे येत राहिला. त्याची जाहिरात करण्याची कोणाला गरजच पडली नाही. ते खाते २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. आता माहितीपट पाहायला माणसाला घरातून उठवून आणावे लागते, आणि ती विद्या आपल्याकडे रुजलेलीच नाही.

पूर्वी मात्र ती होती. सिनेमाच्या अगदी आरंभी बराचसा सिनेमा म्हणजे माहितीपटच होता. १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसला लुमिएर बंधूंनी तिकीट लावून जो पहिला खेळ केला, त्यात त्यांच्याच कारखान्यातून सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार दाखविले होते. फाटक उघडते, बाया आणि पुरुष बाहेर येतात, संपले. एक मिनिटाचाही खेळ नव्हे. आम्ही संघटनेवाले कारखान्याच्या फाटकावर सभा घेतो, तर सिनेमाचा जन्मही कारखान्याच्या फाटकावर झाला, हे वाचून मला फार बरे वाटले होते. सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, हाच खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला. त्याची जाहिरात टाइम्स ऑफ इंडियात होती आणि तिकीट एक रुपया. शतकातील अद्‌भुत असे काहीतरी पाहायला या, असा जाहिरातीचा सूर. महिना संपण्याच्या आत तोच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतच्या तिकिटांनी चालू होता आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय केली होती. म्हणजे पहिल्या महिन्यातच जाहिरात देणाराला दोन गोष्टी कळल्या: गरिबाला परवडेल असा दर हवा, आणि ज्याला यायला संकोच वाटतो त्याला 'तुमची जागा आहे' असे सांगावे लागते. मुंबईचे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचे विलायतेहून आगमन चित्रित केले. तेही माहितीपटच. पण माझ्या विषयाला खरे गुरू आहेत ते दादासाहेब फाळके.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरात लागला आणि चालला. सुरतेला मात्र पहिल्या खेळाला तीन रुपये जमले, असे सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदविले आहे. तेथील लोकांना तासन्‌तास चालणारे नाटक पाहायची सवय. हा खेळ आटोपशीर. थिएटरवाला म्हणाला, खेळ लांबवा नाहीतर दर कमी करा. फाळक्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. मग गर्दी लोटली.

ही गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मी मात्र हिशेबी माणूस. हमाली आणि तोलाईचे आकडे पडताळण्यात वय गेले, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सिनेमाच्या फितीत एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले तर साडेतीन हजार फुटांच्या वर थोडे येते. त्या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती अशी नोंद आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा खरा. उलट थोडा कमीच सांगितलेला. मैल मात्र ५,२८० फुटांचा. दोन मैल म्हणजे दहा हजार फुटांच्या वर. फीत पाऊण मैलाचीही नव्हती. एकाच जाहिरातीत एक आकडा काट्याचा आणि एक आकडा अंदाजाचा! मापाडी अशी चूक करील तर मोंढ्यात भांडण होईल.

तरीही मी फाळक्यांना गुरू मानतो. कारण त्यांनी काय केले पाहा. 'हृदयस्पर्शी', 'अपूर्व', 'अवश्य पाहा' असे काही न म्हणता त्यांनी गिऱ्हाइकाच्या शंकेला उत्तर दिले. शंका होती की पैशाच्या मानाने माल कमी मिळतो. उत्तर मोजून दिले. आणि ते देणारा माणूस छपाईतला होता. लोणावळ्यास त्यांनी स्वतःचा ठसे कोरण्याचा आणि छपाईचा कारखाना चालविला होता. इंचभर जागेत काय मावते आणि काय मावत नाही हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी एका रोपाची वाढ चित्रित केली होती. रोज थोडे थोडे चित्र घ्यायचे आणि मग सलग दाखवायचे. मातीतून कोंब वर येताना दिसतो. भांडवल देणाऱ्याला त्यांनी ते दाखविले आणि त्याने पैसे दिले. कथा नाही, राजा नाही, रडणे नाही, वाटाण्याचा कोंब. हाही माहितीपटच आणि हीही एक जाहिरातच होती.

हे सगळे मी त्या मुलांना सांगितले. त्यांतील एका मुलीने लगेच हिशेब केला की अठ्ठावीस मिनिटे, सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे बेचाळीस हजार. आपणही छापू या! मी म्हटले, छापा. पण आज कोणाच्या मनात ती शंका आहे? आजची शंका वेगळी आहे. हिंगोलीच्या वकिलाच्या, शिक्षकाच्या, दुकानदाराच्या मनात शंका ही, की हमालाचे दुःख आम्हांला माहीत आहे, ते पाहायला रविवारची संध्याकाळ का घालवावी? 'करुण कहाणी' असे लिहिले की ती शंका पक्की होते. माणूस म्हणतो, बिचारे. आणि पान उलटतो. 'बिचारे' हा शब्द उच्चारल्यावर माणसाचे कर्तव्य संपलेले असते.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. मी विचारले, हा फोटोतला माणूस कोण? नाव सांगितले. ओळखीचा निघाला. त्याला विचारले का? "हो काका, शूटिंगच्या आधी विचारलं होतं." मी म्हटले, शूटिंगचे नव्हे, जाहिरातीचे. मुले एकमेकांकडे पाहू लागली. बंधुभगिनींनो, या दोन परवानग्या एक नव्हेत. पटात तो माणूस अठ्ठावीस मिनिटे बोलतो, हसतो, दराबद्दल तक्रार करतो, मुलीच्या बारावीबद्दल सांगतो. पाहणाऱ्याला तो पुरा माणूस म्हणून दिसतो. जाहिरातीत त्याची फक्त पाठ. वर 'दबलेला जीव' ही पाटी. आणि ते पान उद्या सकाळी कोठे जाणार? ज्या आडतीवर तो कामाला आहे तेथे गादीवर पडणार, चहाच्या हॉटेलात दहा जण वाचणार, परवा त्यात भजी बांधली जाणार. हमालाचे काम रोज सकाळी नव्याने मिळते. ज्या माणसाच्या तोंडावर उद्याचे काम अवलंबून आहे, त्याने पान पाहिल्यावर काय होईल, हे फोटो निवडणाराने आधी विचारात घ्यावयाचे असते. आपल्या राज्यात माथाडी आणि हमालांसाठी १९६९ पासून कायदा आहे. देशात तो पहिलाच. पण कायदा मंडळाच्या कचेरीत असतो आणि माणूस मोंढ्यात असतो, हे अंतर मी तीस वर्षे चालतो आहे.

आनंद पटवर्धन यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्या उठविण्यावर 'हमारा शहर' नावाचा माहितीपट १९८५ मध्ये केला. त्यात घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते, की गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार. दिग्दर्शकाने तो भाग कापला नाही. मला वाटते, जो कोणी कष्टकऱ्यांवर पट करतो त्याने तो भाग पाहावा, आणि जाहिरात लिहिण्याच्या आदल्या रात्री पाहावा.

आम्ही सगळे त्या हमालाकडे गेलो. त्याला मसुदा वाचून दाखविला. त्याने ऐकले, फोटो हातात धरून दूर नेऊन पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, म्या दबलो असतो तर पोतं कुनी उचललं असतं?" त्याच्या बायकोला फोटोचे वाईट वाटले नव्हते, तिचे म्हणणे, अंगातला सदरा तरी धडाचा असायला पाहिजे होता. तो म्हणाला, पटात मी बोललो ते बोललो, तिथं या, ऐका, पेपरात नको. मुलांचे चेहरे उतरले, कारण फोटो खरोखर उत्तम होता. उन्हाची तिरीप, हळदीची उडालेली धूळ, सगळे त्यात होते. पण त्यांनी तो काढला. कोणी त्यांना भाग पाडले नव्हते.

आता पाहुण्यांच्या नावांविषयी. येथे समोर बसलेल्या काही सन्माननीय व्यक्तींना राग येईल, पण बोलतो. वर्तमानपत्रात जागा चौरस सेंटिमीटरने विकतात. मुलांकडे दोन स्तंभ रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच एवढ्या जागेचे पैसे होते. त्यातील जवळजवळ निम्मी जागा नऊ नावांनी खाल्ली होती. पैसे हमालांवरील पटाचे, जागा मात्र पाहुण्यांची! विचारले तर उत्तर मिळाले, की वरून सांगितले आहे, एकही नाव गळता कामा नये. माझा अनुभव असा, की आपले नाव वाचून पाहुणा येतो, पण पाहुण्याचे नाव वाचून लोक येत नाहीत. तोड निघाली: नावांसाठी वेगळी निमंत्रणपत्रिका काढावी, ती चांगल्या जाड कागदावर, आणि ती घरपोच द्यावी. पत्रिका मिळाल्यावर कोणीही जाहिरातीत नाव शोधले नाही.

अक्षरांच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. काळ्या पट्टीत पांढरी अक्षरे बारीक असली तर मात्रा, रफार आणि उकार भरून जातात. 'कर्म'चे 'कम' होते. संगणकाच्या पडद्यावर जे झळकते ते न्यूजप्रिंटवर चिखल होते. फोटोवर अक्षरे टाकू नयेत, ठसठशीत अक्षर एकाच ओळीला द्यावे, आणि तारखेबरोबर वार लिहावा, कारण मोंढ्यातला माणूस दिवस वाराने मोजतो. वेळ मुलांनी संध्याकाळी सहाची ठेवली होती. सहाला ट्रक भरणे चालू असते! ज्यांच्यावर पट आहे ते लोक येऊ शकणार नाहीत अशी वेळ ठेवून त्यांच्या नावाने लोकांना बोलवायचे, याला काय म्हणावे? साडेआठ ठरले. दोन प्राध्यापकांना ते गैरसोयीचे होते.

जाताजाता एक व्यवहाराची गोष्ट, येथे बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. माहितीपटाला प्रमाणपत्र लागत नाही अशी एक भोळी समजूत आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने कथापट आणि माहितीपट असा भेद केलेला नाही. सार्वजनिक प्रदर्शन म्हटले की तो प्रश्न येतो, पट दोन तासांचा असो की दोन मिनिटांचा. आणि 'सर्वांना खुले आमंत्रण' अशी छापील जाहिरात हाच प्रदर्शन सार्वजनिक असल्याचा पहिला पुरावा असतो. म्हणून जाहिरात देण्यापूर्वी ही चौकशी करावी, नंतर नव्हे. त्या मुलांनी ती आधीच केलेली होती. त्यांच्या शिक्षकांना याचे श्रेय आहे.

राहिला मथळा. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत आपले म्हणून एक पान आले. त्या पानावर हळदीचे भाव जितके छापून येतात तितके दुसरे काही येत नसेल. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीचे नाव हळदीला लागले ही आनंदाची गोष्ट आहे. खांद्याचे नाव अजून कशाला लागलेले नाही. मी मुलांना विचारले, मोंढ्यात एक पोते किती वेळा उचलले जाते, ते सांगा. त्यांनी बोटांवर मोजले: शेतकऱ्याच्या गाडीतून उतरविणे, लिलावासाठी ढीग ओतणे, पुन्हा भरणे, काट्यावर ठेवणे, थप्पी लावणे, ट्रकात चढविणे. सांडलेली हळद झाडून, पाखडून गोळा करणाऱ्या बाया वेगळ्याच. हे सारे त्यांच्या पटात होते, आणि जाहिरातीत यातले काही नव्हते! मघाच्या त्याच मुलीने मग वहीत एक ओळ लिहिली. शंकेला उत्तर देण्याऐवजी तिने वाचणाऱ्याला प्रश्नच विचारला, आणि तो त्याच्या स्वयंपाकघरातला.

जाहिरात शेवटी गेली ती अशी. वर मोठ्या अक्षरांत: 'तुमच्या घरची हळद किती खांद्यांवरून आली?' मध्ये फोटोच्या जागी काट्याचे एक साधे रेखाचित्र. त्याखाली पटाचे नाव. मग 'मोंढ्यातील हमाल व झाडणाऱ्या बाया स्वतः सांगतात. २८ मिनिटे. नंतर चर्चा.' मग वार, तारीख, रात्री साडेआठ, सभागृह, आणि 'प्रवेश विनामूल्य'. या शेवटच्या दोन शब्दांना माझा विरोध होता. दहा रुपये ठेवा, फुकटच्या खेळाला माणूस उशिरा येतो आणि लवकर उठतो, असे माझे मत होते व आहे. मुलांनी ते मानले नाही. एवढे होऊन तळाशी एका ओळीची जागा उरली. तेथे त्यांनी मला न विचारता घातले: 'पुढच्या दोन रांगा मोंढ्यातील मंडळींसाठी राखीव.'

माणसे किती आली, हे आपण विचाराल. सभागृह भरले नाही. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या दोन रांगा मात्र अपुऱ्या पडल्या आणि तिसरी द्यावी लागली. झाडणाऱ्या बायांपैकी चौघी आल्या, त्या आधी दाराशीच उभ्या राहिल्या. कडेच्या खुर्च्यांवर दोन आडते बसले होते. त्यांना पत्रिका गेलेली नव्हती, ते पेपर वाचून आले होते. पट संपून दिवे लागले तेव्हा त्यांतील एकाने उठून मुलांना विचारले, काट्यावर पोते ठेवतानाचा तो भाग पुन्हा एकदा दाखवता येईल का. मुलांनी दाखविला. चर्चा तेथून सुरू झाली आणि साडेअकराला राखणदाराने किल्ल्या वाजविल्या तेव्हा थांबली.